पाठीवरची थाप

संशयाचे किस्से कडब्याच्या गंजीवानी असतात. एक पेंढी ओढली की चार घसरून अंगावर येतात. आमच्या बेंबळी गावात चहाच्या टपरीपुढच्या बाकड्यावर आम्ही तिघं म्हातारे बसतो. मी, रिटायर झालेले गुरुजी अन् दगडूनाना. किस्से सगळे नानाचे.

रेशनच्या मशीनवर अंगठा लावला की नाना लगेच धोतराच्या सोग्यानं काच पुसतो. दुकानदार म्हणाला, काच स्वच्छच आहे की. नाना म्हणाला, "काचेचं न्हाय. माझा अंगठा माघारी नेतोय."

मग पवनचक्कीवाल्यांचा साहेब आला. त्याला नानाच्या रानाच्या मधून गाड्यांना रस्ता पाहिजे होता. रस्ता दिला तर रानाचे दोन तुकडे, अन् विहीर पलीकडं! साहेबानं सगळ्यांना चहा सांगितला. नानानं आपला कप त्याच्यापुढं सरकवला, त्याचा आपण घेतला. साहेबानं घोट घेतल्यावर नाना म्हणाला, "बरा झालाय."

साहेबानं कागद काढला. पुढं एक सही करा, मागं एक करून एंडोर्स करा, म्हणाला. नानानं कागद उलटा केला. मागं सगळं कोरं.

"पुढं येवढं लिव्हलंय, अन् मला कोऱ्या बाजूला कशापायी नेताय?"

साहेब उद्या येतो म्हणून गेला.

मग गुरुजींनी समजावलं. एंडोर्स म्हणजे मंजुरी देणं. हा इंग्रजी शब्द मूळ लॅटिनातल्या 'पाठ' ह्या अर्थाच्या शब्दावरून आलाय. कागदाच्या पाठीवर लिहून दिलं की मंजूर, अशी त्यांची जुनी रीत.

मला तर पटलं. जनावरांच्या बाजारात आपलं तरी वेगळं काय? सौदा जमला की घेणारा बैलाच्या पाठीवर थाप टाकतो. थाप पडली की बैल त्याचा, मग बोलणं न्हाय.

नाना मग म्हणाला, "अन् बैलाला कुणी इचारतं का?"

दुसऱ्या दिवशी साहेबानं कागद काढलाच न्हाय. शेजारी बसून पाऊसपाण्याचं बोलला, नातवंडांची चौकशी केली. माणूस बरा वाटला मला. उठताना त्यानं प्रेमानं नानाच्या पाठीवर थाप टाकली.

"मग नाना, जमलं ना आपलं?"

नाना सावकाश उभा राहिला. सदरा काढला, नीट घडी घातली अन् साहेबाच्या हातात दिला.

"थाप ह्याच्यावर पडलीय साहेब. हा घेऊन जावा."