मागणी क्रमांक एक : पूल बंद करा

आमचं गाव शहराला जोडणारा पूल आधी फक्त रेल्वेचा होता. गोऱ्या साहेबांनी दगडी खांब उभारले ते मालगाड्यांसाठी. माणसांनी उन्हाळ्यात दारणा नदीच्या पात्रातून चालत जायचं आणि पावसाळ्यात घरी बसायचं. स्वराज्य आल्यावर त्याच खांबांवर, रुळांशेजारी, रस्त्याची अरुंद पट्टी जोडली गेली. गाडी आली की सगळा पूल हादरायचा. म्हणून गावात रीतच पडली: गाडी दिसली की जागीच थांबायचं, डोक्यावरचं ओझं खाली ठेवायचं आणि शेवटचा डबा जाईपर्यंत बोलायचं नाही.

मी वाचायला शिकलो ते वडिलांच्या पत्रकांवर. रस्त्याला भगदाड पडून खालचं पाणी दिसू लागलं, तेव्हा त्यांनी पत्रक काढलं. मागणी क्रमांक एक: धोकादायक पूल तत्काळ बंद करा. मागणी क्रमांक दोन: शेजारी नवा पूल बांधा. शहरातल्या द्वारकेच्या चौकात घसा बसेपर्यंत घोषणा देत आम्ही ती वाटली. सरकारी साहेबांनी पहिली मागणी मान्य केली. रेल्वे चालूच राहिली, पुलावरच्या रस्त्याच्या तोंडाशी लोखंडी खांब रोवले जात होते आणि आम्ही गुलाल उधळत त्यांच्याभोवती नाचत होतो! दुसरी मागणी वाचायला साहेबांना अजून चष्मा सापडलेला नाही. बंद करायला चार खांब पुरतात, बांधायला नियत लागते.

मग आईच्या किडन्या गेल्या. डायलिसिस दिवसाआड, तेही शहरात. त्या खांबांमधून माणूस जातो, रिक्षा जात नाही. दुसरी वाट फरशी पुलाची, पण धरणातून पाणी सोडलं की ती बुडते. काल बुडाली होती. आईला चालवत नव्हतं, म्हणून तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून पुलावरून न्यायचं ठरलं.

शेजारचा दूधवाला मदतीला आला, पण टोमणा मारल्याशिवाय त्याला राहवेना. "बापू, तवाचा गुलाल उरलाय का थोडा? खुर्चीला लावू."

"तू उचल," वडील एवढंच म्हणाले.

भगदाड ओलांडलं आणि समोरून मालगाडी आली. रीतीप्रमाणे आम्ही खुर्ची खाली ठेवली. खुर्चीचे पाय थरथरत होते. आईने सुजलेली पावलं वर ओढून घेतली.

शेवटचा डबा गेल्यावर आई म्हणाली, "माझ्यापायी तिघांचा जीव कशाला? परवा मला आणू नका."

गाडी केव्हाच गेली होती, तरी वडील बोलेनात. लाउडस्पीकरशिवाय चौक हलवणारा माझा बाप. शेवटी मीच म्हणालो, "चला, उचला."

आईची परवा म्हणजे उद्या. पाणी उतरलेलं नाही. मी नवं पत्रक लिहायला बसलोय, मागणी एकच आहे: नवा पूल बांधा. आई भिंतीकडे तोंड करून पडलीय. वडील खुर्चीला दोर बांधताहेत, धरायला सोपं जावं म्हणून. उद्या ती खुर्चीत बसेल का, हे तिला विचारायची हिंमत आम्हा दोघांत नाही.