पाणी न लागलेली बोट

आमच्या यार्डात भंगार बी साठतं आन किस्से बी. भंगारवाला महिन्यातून एकदा टेम्पो लावतो, किस्से मात्र कोणी नेत न्हाई! डोंगरकड्याला माणिकआण्णांच्या जुन्या ट्रॅक्टरच्या यार्डात मी बारा वर्षं कागदपत्रं पाहतो. त्यातली शेवटची तीन वर्षं तर एकट्या बोटीनं खाल्ली.

आण्णांचा नियम एकच. घेतल्या किमतीखाली विकायचं न्हाई, एक रुपया बी न्हाई! तीस वर्षं पाळला. लोक सोयरीक जमवताना सुद्धा विचारतात, "आण्णाचा शब्द हाय का? मग झालं!" माणसाची सगळी इज्जत त्या नियमावर उभी.

*

आण्णा गोव्याला गेले जेसीबी पाहायला आन आले बोट घेऊन. एका हॉटेलवाल्याकडून अठरा लाखाला. चीज भारीच! मागं दोन इंजिनं, मधोमध स्टिअरिंगचा खांब, चौफेर फिरायला मोकळी जागा. सेंटर कन्सोल म्हणतात म्हणे. आमचे मिस्त्री यासीनभाई पाहून म्हणाले, "मतलब खळ्यात बैल फिरवायला मधी मेढ असती तसं!"

अर्धं गाव गोळा झालं. एका म्हाताऱ्यानं बोटीला पूर्ण चक्कर मारली आन बैलाचं वय विचारावं तसं विचारलं, "किती दाती हाय?"

यासीनभाईंनी त्याला मागं नेऊन पंख्याची तीन पाती दाखवली. "तीन दाती."

म्हातारा हळहळला. "तीन? दात तर जोडीनं येतात. अरं, फसवलं की आण्णाला!"

*

पहिल्याच आठवड्यात आण्णांच्या घरच्या सुशीलावैनी यार्डात आल्या. "आवं, धरण काय लांब हाय का? एक चक्कर मारून आणा की मला."

"येडी का तू? पाणी लागलं की रिसेल गेली! कोरी हाय म्हणून तर भाव हाय तिला."

हॉटेलवाल्यानं ती दारातच उभी ठेवली होती, पाण्यात घातलीच नव्हती. आण्णांनी सीटवरचं प्लॅस्टिक सुद्धा काढू दिलं न्हाई. वैनींनी ते चाचपून पाहिलं.

"मग मला बी लग्नात प्लॅस्टिक घालूनच आणायचं होतं!"

यासीनभाई टायराच्या मागं जाऊन हसले. आण्णा कॅल्क्युलेटर दाबत बसले. पण वैनी बी कमी न्हाईत. दर पोळ्याला, बोटीला झूल घालून पुरणपोळीचा निवद दाखवला की पुन्हा विचारायच्या, "नेता का?" आण्णांचं उत्तर ठरलेलं.

*

मग मालकीचा कागद नावावर करायचा आला. फॉर्ममधे रकाना होता, 'बंदर'. मी विचारलं, "आण्णा, इथं काय लिहू?"

"डोंगरकडा लिही."

"आण्णा, आपल्याकडं समुद्र कुठाय?"

"बोट कुठं उभी हाय? डोंगरकड्यात. मग लिही!"

लिहिलं. महिन्यानं फॉर्म वापस आला, वर शेरा: या नावाचे बंदर आढळत नाही. आण्णांनी चष्मा लावला, शेऱ्याखाली स्वतःच्या हातानं दोनच शब्द लिहिले आन फॉर्म पुन्हा पाठवून दिला.

"नीट शोधा."

*

आमच्याकडं गिऱ्हाईक यायच्या आधी मशीन डिझेलच्या फडक्यानं पुसायची रीत हाय. चकाकतं! हट्ट्याहून एक बागायतदार येणार होता, तर यासीनभाईंनी सवयीनं बोटीचा आतला तळ बी डिझेलनं पुसला. पाव्हणा चढला तो थेट घसरत गेला आन मधल्या खांबाला मिठी मारून थांबला.

आण्णा खालून म्हणाले, "पाहा, खांब कसला मजबूत हाय!"

कपडे झटकत पाव्हणा उतरला. आमच्याकडं सौदा बैलबाजारासारखा, खांद्यावरच्या दस्तीखाली हात घालून होतो. दाबून भाव सांगायचा, बाकीच्यांना कळत न्हाई. पाव्हण्यानं हात दाबला आन आण्णांनी विंचू चावल्यासारखा हात बाहेर काढला.

"चौदा? घसरला तुमी, माझा भाव काहून घसरंल?"

मी म्हणालो, "आण्णा, पैसे अडकून राहिले. देऊन टाका."

"अठरा म्हणजे अठरा!" आण्णांनी बोटीवर ताडपत्री ओढली आन विषय बंद केला.

*

यंदा खरंच अठराचं गिऱ्हाईक आलं. नांदेडकडची पार्टी, पर्यटनाचं काहीतरी काढून राहिली. फोनवर अठरा कबूल. अट एकच, पाण्यात चालवून दाखवायची.

आण्णांचा नाइलाज झाला. परवानगी काढली, ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून बोट धरणावर नेली. पाहतो तर काठावर वैनी! जरीचं लुगडं, हातात डबा. कोणाला न विचारता बोटीत चढून बसल्या.

"अगं, उतर. गिऱ्हाईक थांबलंय."

"मी न्हाई उतरत. विकायची तर मी बसलेलीच विका!"

यासीनभाईंनी ट्रॅक्टर मागं घेत ट्रॉली पाण्यात घातली. बोट तरंगली. आण्णा मधल्या खांबाशी उभे राहिले, ट्रॅक्टरवर बसतात तसे ताठ. हळूहळू निघाले, मग जोरात, आन पार मधोमध जाऊन इंजिन बंद केलं.

अर्धा तास झाला. पार्टीनं चार वेळा घड्याळ पाहिलं. मला धाकधूक, बंद पडली काय? यासीनभाई म्हणाले, "बंद न्हाई पडली. डबा खाऊन राहिले."

वापस आले तेव्हा आण्णांच्या डोक्यावर टोपी न्हाई आन त्यांना त्याची खबर बी न्हाई. सीटवरचं प्लॅस्टिक फाडून बाजूला पडलेलं. वैनी हसून राहिल्या होत्या. बारा वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं, माझेच डोळे भरून आले.

आण्णा उतरले, दस्ती पसरली. पार्टीनं खाली हात घातला आन झटक्यात बाहेर काढला.

"अहो मालक, फोनवर अठरा ठरले होते! हे चोवीस काहून?"

"तवा कोरी होती," आण्णा म्हणाले. "आता पाणी लागलंय."

वैनी अजून उतरल्याच नव्हत्या.