धुऊन दिलेली रायफल

"वास घे," रॉस म्हणाला.

मी रायफलच्या बॅरलपाशी नाक नेलं. कुजक्या अंड्यासारखा वास आला. आतून चिंधी फिरवली, ती काजळीने काळीकुट्ट होऊन बाहेर आली. आम्हा दोघांनाही एकाच वेळी कळलं.

ही पेनसिल्व्हेनियातली, स्टेट कॉलेज नावाच्या गावापासून तासाभराच्या ड्राइव्हवरच्या एका छोट्या वर्कशॉपमधली गोष्ट. साल २००४. रॉस मालक. मी पुण्याहून एमएस करायला आलेला आणि वर्क व्हिसावर इथेच राहिलेला मेटलर्जिस्ट. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या सिंगल-शॉट रायफलींसाठी आम्ही काडतुसांची पितळी नळकांडी बनवायचो. घरी फोनवर मी "ब्रास कॉम्पोनन्ट्स" एवढंच सांगायचो. आईला बंदूक हा शब्द ऐकवला असता तर तिची झोप उडाली असती.

थोडं समजावून सांगतो. सिंगल-शॉट म्हणजे एका वेळी एकच काडतूस मावणारी रायफल. ही काडतुसं कंपन्यांनी बनवणं कधीच सोडलंय. मग जुन्या रायफलींचे शौकीन आमच्यासारख्यांकडून रिकामं नळकांडं घेतात आणि घरी स्वतः भरतात. या म्हाताऱ्या रायफलींना बंदुकीची जुनी काळी दारूच चालते. ती भरपूर धूर करते, गंधकाचा वास सोडते, बॅरलमध्ये काजळी धरते. आजची दारू स्वच्छ जळते, पण कितीतरी जास्त जोर लावते. जुन्या रायफलीत ती चुकून गेली तर अपघात ठरलेला.

बॅरल काळं होतं. म्हणजे रायफलच्या मालकाने दारू बरोबर वापरली होती.

हे मालक म्हणजे मिस्टर केलर. हायस्कूलमध्ये फिजिक्स शिकवून रिटायर झालेले. आमचं जुनं गिऱ्हाईक. ऑर्डर न्यायला स्वतः यायचे आणि तासभर बसायचे. एकदा आमच्या घरी जेवायला आले, तेव्हा माझ्या बायकोने, मेधाने, त्यांना 'केलरकाका' करून टाकलं. त्यांनाही ते आवडलं. पोह्यांतली मिरची चावून डोळ्यांत पाणी आलं तरी "काका इज फाइन, काका इज फाइन" म्हणत राहिले. दारू भरताना टेबलावर एकच डबा ठेवायचा, दुसरा कपाटात कुलूपबंद, हा त्यांचा नियम. मला तो त्यांनी इतक्या वेळा ऐकवला होता की मी पाठ म्हणून दाखवला असता.

त्यांच्या हातात गोळी झाडताना नळकांड्याचं बूड फाटलं. तापलेला वायू मागे आला. चष्म्यामुळे डोळे वाचले. गाल भाजला, उजवा कान गेला. मुलगी लिंडा रायफल आणि फाटलेलं नळकांडं आमच्याकडे ठेवून गेली. "डॅडला एवढंच हवंय," ती म्हणाली, "काय चुकलं ते कळू दे."

मी नळकांडं उभं कापलं आणि कडकपणा मोजला. नळकांड्याचं तोंड मऊ लागतं, बूड कडक. म्हणून आम्ही नळकांडी पाण्याच्या ट्रेमध्ये उभी करायचो आणि फक्त तोंड तापवायचो. बूड पाण्यात थंड, म्हणून कडक राहतं. केलरांचा लॉट मी केला होता. मध्येच इमिग्रेशनच्या वकिलाचा फोन आला. परत येऊन बघतो तर ट्रेमधलं पाणी आटलेलं. मी पाणी भरलं आणि काम पुढे नेलं. तापलेली नळकांडी बाजूला काढून टाकायला हवी होती. पण पितळ कमी होतं आणि केलर दुपारी न्यायला येणार होते.

"बूड मऊ आहे," मी रॉसला म्हटलं. "माझ्या हातून झालंय."

"केलरच्या घरी मॉडर्न दारू आहे?"

"आहे, दुसऱ्या रायफलसाठी. पण त्यांनी ती वापरली नाही. वास तूच घ्यायला लावलास."

"इन्शुरन्सवाला वास घ्यायला येत नाही." त्याने कापलेले तुकडे उचलून स्क्रॅपच्या ड्रममध्ये टाकले. "हे शॉप बंद पडलं तर तुझं ग्रीन कार्ड कोण स्पॉन्सर करणार? तुझा तो काका?"

मी टेबलावरची रायफल उचलली.

"आणि गिऱ्हाइकाची रायफल अशी घाण परत द्यायची नसते," तो जाता जाता म्हणाला.

हे मात्र खरंच होतं. काळ्या दारूची काजळी राहिली की बॅरल गंजतं. ती गरम पाण्याने धुऊन देणं हा या धंद्यातला शिष्टाचार. मी पॅन्ट्रीतल्या केटलमध्ये, ज्यात रोज चहाचं पाणी ठेवायचो त्यात, पाणी उकळलं. बॅरलमधून आधी काळं पाणी आलं, मग राखाडी, मग स्वच्छ. कोरडं केलं, तेल लावलं. माझ्या आयुष्यात मी कुठलंही काम इतकं नीट केलं नसेल. त्या लॉटमधली उरलेली नळकांडी आम्ही "तपासणीसाठी" मागवून घेतली आणि तीही ड्रममध्ये गेली.

केलर आले ते गालाला पट्टी लावून. रॉस मऊ आवाजात म्हणाला, "बहुतेक चुकीचा डबा उघडला गेला असावा."

"शक्य नाही. टेबलावर एकच डबा असतो."

"वय झालं की होतं असं. माझे वडीलही विसरायचे."

केलर चांगला कान माझ्याकडे करून बसले. "मेटलर्जिस्ट तू आहेस. तू सांग."

"प्रेशर जास्त झालं की बूड असंच फाटतं," मी म्हणालो. वाक्य शब्दन् शब्द खरं होतं.

"पण बॅरल? काळं असलं तर माझी दारू बरोबर होती."

"आम्ही धुतलं ते," रॉस म्हणाला. "गंजलं असतं."

केलर माझ्याकडे बघून म्हणाले, "थँक यू."

पुढचं मेधाकडून कळत गेलं. ती अधूनमधून त्यांना डबा द्यायची. काका गॅस बंद केलाय का ते पुन्हा पुन्हा उठून बघतात. काकांनी स्वतःच गाडीची चावी लिंडाला दिली. काकांनी रायफली विकल्या. "एवढा शार्प माणूस, काय झालं रे याला?" ती विचारायची. मी म्हणायचो, वय. शेवटी लिंडाने त्यांचं घर विकलं आणि त्यांना वृद्धांच्या होममध्ये ठेवलं.

ग्रीन कार्ड आलं २००७ मध्ये. त्याच आठवड्यात मी राजीनामा दिला, मेधाला सगळं सांगितलं आणि होममध्ये गेलो. केलर खिडकीशी बसले होते. मी सगळं सांगितलं. पाणी आटलेला ट्रे, ड्रम, केटल. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही.

"लिंडाने पाठवलं तुला?"

"नाही."

"मग मेधाने. तिला म्हणावं, काका इज फाइन." ते हसले. "हे बघ, मी चुकलो हे मान्य करायला मला फार वेळ लागला. आता कुठे झोप लागते. ते परत उकरू नकोस."

"मिस्टर केलर, बॅरल काळं होतं. मी बघितलंय."

"दाखव."

माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं.

"झालं तर मग," ते म्हणाले. वर्गात उत्तर चुकलेल्या पोरावर न रागावता पुढच्या पोराकडे वळावं, तसं त्यांनी खिडकीकडे तोंड वळवलं. बाहेर येऊन मी लिंडाला फोन केला. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग "डॅडला तू तुझे आभार मानू दिलेस," एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला. मेधा त्यानंतर कित्येक दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली.

सध्या मी दुसऱ्या राज्यात, शॉमबर्ग गावातल्या एका टेस्टिंग लॅबमध्ये आहे. तुटलेले पार्ट येतात, ते का तुटले हे आम्ही सांगतो. नव्या मुलांना पहिल्याच दिवशी एक नियम शिकवतो: पार्ट जसा आला तसाच ठेवायचा, कितीही घाण असला तरी पुसायचा नाही. कुणी का विचारलं तर पुरावा जातो म्हणून सांगतो. कुणाचा, ते आजवर कुणी विचारलेलं नाही.