फवारा दिसला पाहिजे

मीनलताई खैरनार काम चालू असताना स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायच्या. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेही असंच. नाशिकला द्वारका चौकाजवळ टायरच्या दुकानावर त्यांची एका खोलीची जागा होती. खाली ट्रकची चाकं ठोकली जात, वर लग्नाच्या कॅसेटसाठी कॉम्प्युटरवर मोर नाचत आणि नवरा-नवरीची नावं सोनेरी अक्षरांत गरागरा फिरत. त्या दिवशी पडद्यावर एक निळी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत होती आणि ताई टक लावून बघत होत्या.

"काम कधी सुरू होणार?" मी विचारलं.

"सुरूच आहे. पहिली फेरी चाललीय. मशीन नुसतं बघतंय, मीही बघतेय. हात सुटले की मला मधेच थांबवावंसं वाटतं, म्हणून दाबून ठेवलेत. तूही बस गप."

त्यांचं काम थोडक्यात असं. कॉम्प्युटरवर केलेला सिनेमा म्हणजे हजारो सुटी चित्रं. ती सगळी दाबून, आवळून एका सीडीत बसवायची. बाजारात सगळे एका फेरीत उरकत. ताई दोन फेऱ्या करत, अडलेल्या कामाला तीन. पहिल्या फेरीत एक अक्षरही लिहिलं जात नसे. कुठे काय हलतंय, कुठे सगळं शांत आहे, एवढंच मशीन टिपून घ्यायचं. जागेचं वाटप पुढच्या फेरीत.

"एसटीसारखं आहे," त्या म्हणायच्या. "आधी आत कोण कोण आहे ते बघ. म्हातारं कोण, लेकुरवाळी कोण. मग जागा दे. दारातूनच वाटत सुटलास तर पहिल्या चार टग्यांना खिडक्या मिळतात."

मी शेतमजुरांच्या संघटनेचा कार्यकर्ता. पत्रकं लिहिणं हे माझं काम आणि माझा अभिमान. मोठ्या उत्साहाने मी त्यांना माझं एक पत्रक दिलं. त्यांनी ते आधी पेनाचं टोपण न काढता शेवटपर्यंत वाचलं. मग टोपण काढून पुन्हा वाचलं आणि अर्धं खोडलं.

"हाई काय शे रे भाऊ?" ताई सटाण्याच्या, चिडल्या किंवा खूश झाल्या की अहिराणीत शिरत. "पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत एकच आरडाओरडा. सगळंच ठळक. मग माणसानं दचकायचं कुठे?"

मी त्यांच्याकडे गेलो होतो ते एका सिनेमासाठी. पेठ-सुरगाण्याची माणसं दसऱ्यानंतर डोंगर उतरून दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत येतात. पाठीवर पंप घेऊन औषध फवारतात. वारा फिरला की तेच औषध तोंडावर येतं. डोळे चुरचुरतात, उलट्या होतात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पंप पाठीवर. याच्यावर मी पाच पत्रकं लिहिली होती. ज्यांच्यासाठी लिहिली त्यांतल्या निम्म्यांना ती वाचता येत नव्हती. म्हणून ठरवलं, सिनेमा करायचा आणि माणसं उतरायच्या आत पाड्यापाड्यांवर दाखवायचा. साधी मराठी, डोंगरातली बोली आणि अहिराणी, असे तिन्ही आवाज एकाच सीडीवर हवे होते. म्हणजे तोच सिनेमा तीनदा. जागेची ओढाताण तिथेच सुरू झाली.

चित्रं काढून झाल्यावर ताईंनी मला मुद्दाम एका फेरीचा नमुना दाखवला. बाग झकास दिसत होती. माणूसही. मग त्याने फवारा सोडला आणि पडद्यावर नुसते चौकोन उमटले.

"औषध मारतोय की फरशी बसवतोय?" ताई म्हणाल्या. "उभी वेल मशीनला सोपी. मघाशी होती तशीच आहे, म्हणून ते पुढे जातं. फवाऱ्यात प्रत्येक थेंब दर क्षणी नव्या जागी. त्याला जागा जास्त लागते. आणि तुझा सगळा सिनेमा त्या थेंबांतच आहे. फवारा दिसला पाहिजे. बाकीचं उपाशी राहिलं तरी चालेल."

बाकीचं म्हणजे काय, ते लवकरच कळलं. मी सुरुवातीला आमच्या अध्यक्षांचं भाषण घातलं होतं आणि शेवटी लाल अक्षरांत घोषणा. घोषणेच्या मागे ज्वाळा.

"घोषणा राहू दे. ती बिचारी हलत नाही, तिला काही लागत नाही. पण तुझ्या ज्वाळा फवाऱ्याचं सगळं खाऊन बसल्यात. विझव त्या."

"आणि भाषण?"

"अध्यक्ष मान फार हलवतात."

भाषण गेलं. अध्यक्षांनी मला विचारलं, "मग सिनेमात आपण कुठे?" मी म्हणालो, "कव्हरवर." ते दोन दिवस बोलले नाहीत. मला त्याचं काही वाटलं नाही. मला तर ताईंची रीत मनापासून पटली होती. "ज्याला जेवढं लागतं त्याला तेवढं, हेच तर आम्ही म्हणतो ताई!" मी टेबलावर हात आपटला.

"तुम्ही म्हणता. मशीन करतं. टेबल हलवू नकोस."

एका गोष्टीवरून मात्र आमचं कडाक्याचं भांडण झालं. मला सिनेमात मालक हवा होता. सुटलेलं पोट, बोटांत अंगठ्या, पिळदार मिशा, असं मी कागदावर लिहून दिलं. ताईंनी तो कागद परत केला. "असा मालक मी पाहिलेला नाही. माझे वडील मालक आहेत. आमचीही द्राक्षाची बाग आहे. तुझं हे बुजगावणं माझ्या सिनेमात उभं राहणार नाही." मालकाविनाच सिनेमा झाला. तीन फेऱ्या झाल्या. भारनियमनाच्या वेळा भिंतीवर खडूने लिहून, दोन खेपांच्या मधल्या विजेत एकेक फेरी बसवली.

पेठच्या बाजूला एका पाड्यावर आम्ही तो पहिल्यांदा लावला. भरदुपारी, शाळेच्या खोलीत, खिडक्यांना घोंगड्या लावून. पडद्यावर वारा फिरला, पांढरं धुकं वळून फवारणाऱ्याच्या तोंडावर आलं आणि पुढे बसलेल्या बायांनी एकदम पदर नाकाला लावले. ताईंनी माझा दंड घट्ट धरला. "दिसला!"

सिनेमा संपल्यावर यमुनाबाई म्हणून एक पोक्त बाई उठल्या. दरवर्षी टोळीबरोबर बागांत जाणाऱ्या.

"चांगलं हाय बाई. पण वारा आमाला बी कळतो. आमी काय आंधळं हाय? वारा फिरला का पंप बंद करावा, हे तुमी सांगता. बंद करू दील कोन? यात पंप हाय, वारा हाय, आमी हाय. मालक कुठं हाय?"

खोलीत हसू फुटलं. मी ताईंकडे विजयी नजरेने पाहिलं. त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं.

"काढते," त्या यमुनाबाईंना म्हणाल्या. "दसऱ्याच्या आत."

आम्ही परत आलो. लग्नाची सगळी कामं ताईंनी पुढे ढकलली. त्यांनी काढलेला मालक माझ्या कागदावरच्या मालकासारखा नव्हता. सडपातळ माणूस, पांढरी टोपी, साधा सदरा. बांधावर उभा. एका हाताने 'चालू दे, चालू दे' अशी खूण करतोय आणि दुसऱ्या हाताने स्वतःच्या नाकावर रुमाल धरलाय.

मी बघतच राहिलो. माझ्या पाच पत्रकांत जे आलं नव्हतं, ते त्या रुमालात होतं. पोट नाही, मिशा नाहीत. याला सगळं माहीत आहे, एवढंच.

पुन्हा तिन्ही फेऱ्या. सीडी तर भरलेली होती, म्हणून मी विचारलं, "याला जागा कुठून आणणार?"

"उभ्याच्या उभा माणूस आहे तो. हलतोय कुठे? फुकटात बसला."

नवी सीडी तयार झाल्यावर मी पेठला निघायची घाई करत होतो. ताई म्हणाल्या, "आधी सटाण्याला." मी बरोबर गेलो. त्यांच्या वडिलांना सगळे नाना म्हणत. सडपातळ, पांढरी टोपी. लेकीचं काम म्हणून कौतुकाने टीव्हीसमोर येऊन बसले. अहिराणी आवाज ताईंचाच होता, तो ऐकून हसलेही. मग पडद्यावर बांधावरचा मालक आला.

सिनेमा संपला तरी नाना पडद्याकडेच बघत होते.

"तो रुमाल तुले कोणी सांगितला?"

"कोणी नाही, नाना. लहानपणी मी तुमच्या शेजारी बांधावर उभी असायचे. माझ्याही नाकावर तुम्हीच रुमाल धरायचात."

मी आयुष्यात एवढ्या हळू आवाजात केलेला एवढा मोठा आरोप ऐकलेला नाही. ताई आता हैदराबादला मोठ्या स्टुडिओत आहेत. मी अजून पत्रकं लिहितो आणि लिहिताना तो आवाज कानात असतो.

त्या दिवशी नाना उठले. दारापर्यंत गेले, टोपी काढून पुन्हा डोक्यावर ठेवली आणि बाहेर फवारणीची तयारी करत असलेल्या गड्यांना हाक मारली.

"पंप ठेवा खाली. सगळे आत या." मग वळून ताईंना म्हणाले, "लाव परत. पहिल्यापासून."