रुईचा चीक
तव्यावर शेकलेल्या रुईच्या पानाचा कडवट वास आला, की मला दिग्रसच्या या सासरच्या घरातलं पहिलं वर्ष आठवतं. सासूबाईंच्या सुजलेल्या गुडघ्यावर तांड्यावरून कामाला येणारी बाई ती पानं तेल लावून बांधायची. "वहिनी, चीक लागला त डोयाले हात नोका लावू," तिने मला बजावलं होतं. तरी एकदा पानं तोडताना मी तसाच घाम पुसला आणि डोळा लालभडक सुजला. सासरे तिच्यावर ओरडले, "असलं विष घरात आणतेस?" ती माझ्याकडे वळली, "म्या सांगतलं होतं न, वहिनी?" मी नवी सून होते. नुसतं 'हो' म्हणायचं होतं, तेही माझ्याने झालं नाही. डोळा चार दिवसांत निवला. ती पुन्हा कामाला आली नाही. आता घरात ओरडणारं कोणी उरलेलं नाही, तांडाही पायी पंधरा मिनिटांवर आहे. पण माफी मागायला मी अजून गेलेले नाही.