दत्तक नामंजूर

माझे व्याही लॉर्ड झाले तेव्हा बेसमेंटमध्ये वॉशिंग मशीन दुरुस्त करत होते. कॅनडाने आपला दीडशेवा वाढदिवस साजरा केला, त्यानंतरचा हिवाळा. आयर्लंडहून एका वकिलाचा फोन आला की कुणी लांबचा चुलतभाऊ निपुत्रिक वारला, घराण्यातले थोरले पुरुष आता तुम्हीच, तेव्हा सरदारकी तुमच्याकडे. सोबत काय, तर काही नाही. जमीन पणजोबांच्या काळातच गेलेली, गढीला छप्पर नाही आणि ती गढीही आता परक्याची. उरली होती नुसती पदवी. व्याही हात पुसत "गुडनेस" म्हणाले आणि परत मशीनच्या मागे गेले.

मी त्या वेळी कॅनडात, स्कारबरोला लेकीकडे राहत होते. ठाण्याच्या शाळेत उभा जन्म इतिहास शिकवून रिटायर झालेली. घरात आम्ही चौघं: लेक, जावई, जावयाचे वडील आणि मी. विहीणबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. व्याही गोरेपान, भूगोलाचे मास्तर होते. जावई चांगला सावळा, कारण तो तान्हा असताना या दोघांनी त्याला पुण्याच्या अनाथाश्रमातून दत्तक घेतलं होतं. मराठीचे मोजके शब्द येतात त्याला, आणि बरेचसे मी रागात असतानाच शिकलाय.

त्याला आनंद झाला म्हणजे किती! फोनमध्ये गढीचे फोटो साठवले, ते ऑफिसात सगळ्यांना दाखवले. "आई, आफ्टर डॅड, इट्स मी! मी लॉर्ड! कॅन यू इमॅजिन?" मीही काही कमी नाही. इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात सहज म्हणून सांगून टाकलं. सहज कसलं, त्यासाठीच तर गेले होते.

मग वकिलाचा दुसरा फोन आला. स्पीकर चालू होता, जावई ओट्याशी काकडी चिरत होता. तुमच्यामागे कोण, असं वकिलाने विचारलं. "मुलगा आहे," व्याही ताठ बसून म्हणाले. तुमच्या लग्नातून झालेला? "दत्तक घेतलेला." पलीकडे घसा खाकरल्याचा आवाज आला. मग वकिलाने अत्यंत गोड आवाजात सांगितलं की कायदाच तसा आहे, दत्तक मुलाकडे ही पदवी जात नाही, रक्ताचा पुरुषच लागतो. तुमच्यानंतर ती कॅलगरीच्या चुलतपुतण्याकडे जाईल. तुम्हाला लॉर्ड म्हणून स्वतःचं नाव नोंदवायचं असेल तर कागद पाठवतो.

"नो वरीज," जावई म्हणाला. काकडी पूर्ण चिरली, वाडग्यात भरली आणि फावडं घेऊन ड्राइव्हवेवरचा बर्फ काढायला गेला. ड्राइव्हवे सकाळीच साफ झाला होता.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दत्तक वारस नामंजूर! हे वाक्य मी पिढ्यान्‌पिढ्या पोरांकडून घोकून घेतलंय. सातारा, झाशी, नागपूर, सगळी राज्यं याच एका वाक्यावर गिळली यांच्या साहेबांनी. मला वाटायचं, आम्हाला लुबाडायला काढलेला तो कावा होता. इथे बघते तर यांच्या स्वतःच्या घरातही तोच न्याय! कावा असता तर एक वेळ समजू शकले असते.

आणि त्याहून संताप यायचा तो घरातल्या शांततेचा. जावयाला विचारलं की "इट्स फाइन." व्याह्यांना विचारलं की "क्वाइट फाइन." लेक म्हणाली, "आई, प्लीज, स्टे आउट ऑफ इट." अगं, कशी राहू? आमच्याकडे असं झालं असतं तर एव्हाना भांडून, रडून, जेवून सगळे मोकळे झाले असते. इथे सगळे मूग गिळून. वकिलाचं पाकीट आलं ते जेवणाच्या टेबलावर पडून राहिलं. म्हातारा नोंदवतो म्हणेना, नाही म्हणेना. जावयाने फोनमधले गढीचे फोटो काढून टाकल्याचं लेकीकडून कळलं. ज्या नावात आपल्याला जागा नाही ते नाव बाप घेतो की नाही, यावर पोराचा जीव टांगलेला होता आणि विचारायला जीभ रेटत नव्हती. म्हणून बर्फ पडो न पडो, हा आपला फावडं घेऊन बाहेर.

एका शनिवारी सकाळी तो असाच बाहेर गेल्यावर मी व्याह्यांपुढे चहा आपटला. रागात माझं इंग्रजी तुटतं, पण तुटलं तर तुटलं.

"आमच्याकडे राजे दत्तक घ्यायचे," मी म्हटलं, "ते कशासाठी? गादीला वारस हवा म्हणून! नाव चालवायला, मेल्यावर पाणी द्यायला. एकदा दत्तक घेतला की तोच मुलगा, विषय संपला. तुमच्याकडे वारसच होता येत नाही, तर तुम्ही दत्तक घेतलात कशाला?"

त्यांनी चहाला हात लावला नाही. मग उठले, दार उघडलं आणि अंगात नुसता शर्ट, पायात घरातल्या सपाता, असे सरळ बर्फात चालू लागले. "अहो, पडाल! डोकं फिरलंय का?" मी चक्क मराठीत ओरडले आणि त्यांचा कोट घेऊन मागे धावले.

जावयाने फावडं थांबवलं.

"मी ते नाव नोंदवणार नाहीये," व्याही त्याला म्हणाले. धाप लागली होती. "माझ्यामागे कॅलगरीवाल्याने खुशाल घ्यावं. आम्हाला वारस कधी नकोच होता. तुझ्या आईला बाळ हवं होतं. मला बाळ हवं होतं. आणि आश्रमाने तुला आमच्या हातात दिलं."

मी कोट धरून तशीच उभी. आमच्या राजांनी गादी होती म्हणून पोर शोधलं. या माणसापाशी गादी नव्हती, विमा एजंटाला दाखवण्याइतकंही काही नव्हतं, आणि तरी पोर शोधत तो पुण्यापर्यंत गेला होता. एवढं साधं वाक्य त्याने पहिल्याच दिवशी पोराला का सांगितलं नाही, याचा मला आजही राग येतो.

जावयाने खाली बापाच्या भिजलेल्या सपातांकडे बघितलं. "डॅड," तो म्हणाला, "व्हेअर आर युअर बूट्स?" फावडं टाकून त्याने बापाला दोन्ही हातांवर उचललं. "पुट मी डाऊन! नेबर्स बघतायत!" म्हातारा ओरडत होता, आणि हा त्याला छातीशी धरून घराकडे चालत होता.