डफाच्या कडेवरची पृथ्वी

घ्या पडदा वर. पुणतांब्याची गोदावरी, एकाहत्तर सालची यात्रा, दिवस मावळतीला टेकलेला. वाळवंटात कलगी-तुऱ्याचा सामना ऐकायला चार गावं दाटीनं बसलेली. डाव्या अंगाला तुरेवाले काकासाहेब, फेटा कडक, मिशा फेट्याहून कडक. उजव्या अंगाला कलगीवाली राहीबाई, उन्हानं रापलेली, हातात बापाचा डफ.

बाप, सहादेव शाहीर, गेल्या थंडीत गेला. मागं मुलगा नाही, म्हणून भावकीनं डफ खुंटीला टांगायला लावला. दिवसभर बाजरी खुरपणाऱ्या राहीबाईनं तो काढला आणि थेट सवाल-जवाबाच्या बारीला आणला. बारीचा रिवाज मोठा खट. सवाल पडला की डफ जाळावर तापवायचा आणि कातडं थंड व्हायच्या आत जवाब उभा करायचा. नाही जमलं, तर डफ समोरच्या फडाचा.

काकासाहेबांनी सवाल टाकला. "चंद्रावर मानूस फिरून आला. चंद्र आता शेजाऱ्याची ओसरी झाला. तू लांबचं सांग, राहीबाई. दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरनारी पृथ्वी. दिवस केवढा, रात केवढी, मानसं राहत्यात कुठं?"

"सासरचा पत्ता इचारा, लगीच सांगंल," तुरेवाल्यांतून कुणीतरी म्हणालं. वाळवंट हसलं.

तुणतुण्यावर तिचा नवरा मच्छिंद्र होता. तो पुटपुटला, "डफ जातोय गं."

"आवं, जाळ तरी नीट करा."

तिनं डफ जाळासमोर धरला. पुढं धग, मागं नदीचा गार वारा, आणि बोटं कडेवर. तिथं चटकाही नाही, गारठाही नाही. राहीबाई गालात हसली आणि डफावर थाप पडली.

"हाय एक पृथ्वी. ताऱ्याभोवती फिरती, पर त्याच्याकडचं तोंड वळवत न्हाई. ह्या डफावानी. जाळाकडचं अंग कायम भर दुपारी, नुसता फुफाटा. मागलं अंग कायम रातीत, पान्याचा दगड झालेला. मानसं राहत्यात कडंला. तिथं आत्ता हाय तशी येळ जल्मभर. सूर्य टेकलाय, बुडत न्हाई. दिवा लावायचा का न्हाई, यावर सासवासुनांचं भांडान कधी मिटत न्हाई."

आता वाळवंट हसलं ते तिच्या बाजूनं. जवाब पटला, की त्यातूनच उलटा सवाल घालायचा. तो तिनं घातला.

"तिथं दिवस मावळत न्हाई, मोजायचा कसा? मग लेकरू वाढलं, हे आईला कशानं कळतं?"

काकासाहेबांचा डफ तापला. दोनदा त्यांनी सूर लावला, दोनदा सोडला. डफ निवला. मग तो दिलदार गडी उठला, आपला डफ तिच्यापुढं ठेवला, फेट्याचा तुरा काढून सहादेवाच्या डफाला खोवला. चारी गावं उभी राहिली. तो डफ आता कुठल्याच खुंटीला जाणार नव्हता.

"हरलो, बाई. जवाब तरी सांग, न्हाईतर झोप यायची न्हाई."

राहीबाईनं वाळूवर लांबलेल्या सावल्यांकडं पाहिलं.

"सूर्य जागचा हालत न्हाई, काकासाहेब. मग सावली लांबली, तर पोरच वाढलं की."